एकसष्ट किलोंचा फरक

विचारलंतच म्हणून सांगते. दिवा मात्र राहू द्या, अंधारात मला हे बोलता येत नाही.

त्या रविवारी दुपारी मी ऑफिसात एकटी होते. काम साधं होतं. सोळा वर्षांपूर्वी आम्हीच डिझाइन केलेल्या एका चार मजली इमारतीत आता दवाखाना येणार होता आणि चौथ्या मजल्यावर एक जड मशीन बसवायचं होतं. स्लॅब ते पेलेल का, एवढंच तपासायचं. कंप्यूटरवरचं जुनं मॉडेल माझं, म्हणून साहेबांनी फाइल माझ्याच टेबलावर ठेवली. बाकीचं त्यांच्या लक्षात नव्हतं. लोकांच्या राहत नाही, त्यात त्यांचा काय दोष.

बाकीचं म्हणजे माझा धाकटा भाऊ. आम्ही त्याला बारक्या म्हणायचो. त्याच इमारतीच्या बांधकामावर तो वायरमन होता. अंगाने इतका किरकोळ, की दिसेल त्या वजनकाट्यावर चढून बघायचा. जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्याने मुद्दाम फोन केला होता. "ताई, एकसष्ट भरलो. साठी ओलांडली मी."

आमच्या कामाची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कंप्यूटरला स्लॅब म्हणजे एक सपाट पृष्ठभाग. आम्ही त्याचे हजारो लहान चौकोन पाडतो, त्याला जाळी म्हणतो. स्लॅबमध्ये भोक असलं की ही जाळी त्याच्या कडेने वळवून घ्यावी लागते. कोपऱ्यांवर चौकोन वेडेवाकडे होतात, दिवस खातात. म्हणून लहान भोकं मॉडेलमध्ये दाखवायचीच नाहीत, असा आमच्याकडे शिरस्ता. "स्लॅबला पत्ताही लागत नाही," साहेब म्हणायचे. खरंच आहे ते. स्लॅबला नाही लागत.

त्या इमारतीत पाइपांसाठी दोन फूट बाय अडीच फुटांचं भोक होतं, चारही मजल्यांवर एकाखाली एक. मी ते सोडून दिलं होतं. आणि मग विसरलेही.

तो गेला त्या दिवशी बारक्याने चौथ्या मजल्यावरून फोन केला. "ताई, पूर्वेच्या भिंतीजवळ प्लायवूड टाकलंय. खाली काही आहे का गं?"

मी समोरच्या मॉडेलकडे पाहिलं. तिथे अखंड जाळी होती.

"काही नाही रे, सबंध स्लॅब आहे. जा बिनधास्त."

हा फोन मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही. जेवणाची सुट्टी होती, वर दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे तो नेमका कसा पडला ते कुणीच पाहिलं नाही. आई मात्र सोळा वर्षं एकच विचारते. "लगेच गेला ना गं तो? त्याला कळलं नसेल ना?" आणि मी म्हणते, "लगेच, आई." त्या एका उत्तरावर आमचं घर उभं आहे.

तर त्या रविवारी दुपारी मी चारही मजल्यांवरची ती भोकं मॉडेलमध्ये दाखवली. उशिरा का होईना, इंचाइंचाने नीट. खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. कंप्यूटरच्या पंख्याची घरघर सोडली तर सगळीकडे शांतता होती. गणित सुटायला अकरा मिनिटं लागली. गणित सुटलं की आम्ही आधी एक पडताळा घेतो. इमारतीवर ठेवलेलं एकूण वजन आणि पायाने पेललेलं एकूण वजन सारखं यायलाच हवं. त्यात कंप्यूटर कधी चुकत नाही.

पाया एकसष्ट किलो जास्त पेलत होता.

मी दोनदा वाचलं. मग चौथा मजला उघडला. स्लॅब जिथे वाकतो तिथे रंग बदलतो. सगळा मजला निळा होता, फक्त भोकाच्या एका कडेवर दोन लहान पिवळे ठिपके होते. एकमेकांपासून दीड फुटावर. जाळी बिघडली असेल, असं मी स्वतःला समजावलं. कडेभोवतीचे चौकोन आणखी बारीक केले आणि पुन्हा गणित लावलं. बसल्या बसल्या मला ओल्या सिमेंटचा वास येऊ लागला. आमच्या ऑफिसात कागदाशिवाय कसलाच वास नसतो.

अकरा मिनिटांनी डावा ठिपका गेलेला होता. उजवा लालभडक झाला होता. सगळं वजन आता त्या एकावरच होतं.

तेव्हा मला कळलं.

"थांब..." मी म्हणाले. "थांब रे बारक्या... आलेच..."

मी चौथ्या मजल्यावरचं भोक निवडलं, पुसलं, तिथे सबंध स्लॅब भरला आणि बटण दाबलं. अकरा मिनिटांची दहा होत नाहीत. मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते.

पडताळ्यात अजूनही एकसष्ट किलो जास्त होते. मला रडू फुटलं. म्हणजे तो आहे, स्लॅबवर उभा आहे. मी चौथा मजला उघडला. साफ निळा. तिसरा निळा. दुसरा, पहिला, दोन्ही निळे. मग तळाचा स्लॅब उघडला. भोकाच्या बरोबर खाली एक लांबट डाग होता. पाच फूट चार इंच भरला. मोजायची सवय जात नाही.

घरी गेले तेव्हा आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. माझा चेहरा पाहून तिने नेहमीचं विचारलंच.

"लगेच गेला ना गं तो?"

"लगेच, आई."

तिचे हात थांबले.

"त्याचे हात मीच धुतले होते," ती म्हणाली. "उजव्या हाताची सगळी नखं तुटली होती. सिमेंट भरलं होतं आत. डाव्या हाताला तेवढं नव्हतं काही." तिने चादरीची घडी पुरी केली. "तू लगेच म्हणतेस ना, बरं वाटतं. म्हणून विचारते."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि त्या फोनचं सगळं सांगायला तोंड उघडलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

सोमवारी सकाळी फाइल उघडली. चौथ्या मजल्यावरचं भोक पुन्हा उघडं होतं आणि कडेवर ते दोन्ही ठिपके होते, पिवळे, दीड फुटावर. त्यानंतर मी त्या बटणाला हात लावलेला नाही. दवाखानेवाले रोज फोन करतात, मी रोज काहीतरी सबब सांगते.

आज साहेब वैतागले. म्हणाले, राहू दे, उद्या गणित मीच चालवतो.