करणीचा अनुवाद

'संशयित शिक्षिका विक्का नावाच्या प्राचीन, अखंड चालत आलेल्या सैतानपूजक पंथाची अनुयायी असून तेरा जणींचे मंडळ चालवते, हे तिच्याच कबुलीवरून सिद्ध होते.'

शाळेने अभिप्रायासाठी पाठवलेल्या अहवालातले हे वाक्य सुनेत्राने तिसऱ्यांदा वाचले आणि ती अगदी शांत झाली. संताप टोकाला गेला की तिचे असेच होई. अमिरातीतल्या अल ऐनच्या विद्यापीठात ती चौदा वर्षे धर्मांचा इतिहास शिकवत होती. एका वाक्यात इतकी चुकांची दाटी तिने विद्यार्थ्यांच्या वह्यांतही पाहिली नव्हती.

प्राचीन? विक्का जगापुढे आली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर, कस्टम्स खात्यातून निवृत्त झालेल्या एका इंग्रजाच्या हातून. युगानुयुगे लपून जगलेल्या चेटकिणींची कहाणी इतिहासकारांनी केव्हाच मोडीत काढली होती. सैतान? तो ख्रिस्त्यांच्या घरचा. विक्काला एक देवी पुरते आणि तिचा शिंगवाला जोडीदार. वर्षाचे आठ सण, पौर्णिमेची पूजा, आणि 'कोणाला इजा होत नसेल तर हवे ते कर' हा एक दंडक. तेरा जणी? आज हा धर्म पाळणारे बहुतेक लोक तो एकट्यानेच, पुस्तके वाचून पाळतात.

राहिली कबुली. ईशानी, शाळेची सव्वीस वर्षांची चित्रकला शिक्षिका, शाळेनेच दिलेल्या, अबू धाबीतल्या अल रीम आयलंडवरच्या फ्लॅटमध्ये राही. धुपाने आगीचा अलार्म वाजला, तेव्हा तिने एचआरच्या नागेशला मराठीत मेसेज केला होता : 'सॉरी सर, ही माझीच करणी.' नागेशने त्याचा इंग्रजी अनुवाद करून फाइलला लावला होता. जादूटोणा इथे फौजदारी गुन्हा. आज दुपारी बाराच्या बैठकीत शाळेच्या समितीचे समाधान झाले नाही, तर फाइल पोलिसांकडे जाणार होती.

"मॅडम, करणी म्हणजे ब्लॅक मॅजिकच ना?" नागेश फोनवर म्हणाला. "आमची आजी तर तेच म्हणायची."

"देवाची करणी आणि नारळात पाणी, हेही म्हणत असेल. मग देवावरही केस करा."

"अहो, पण तेरा आकडा माझा नाही हां. वॉचमन जहूरने खालून मोजल्या. काचेशी उभ्या होत्या म्हणाला."

"सत्ताविसावा मजला, खालून? त्याची दृष्टी हेवा करण्यासारखी आहे."

'ईशानी हा धर्म एकटीने पाळते' असे अभिप्रायात लिहून, खाली सही करून ती ईशानीचा जबाब घ्यायला निघाली. ऑगस्टची दमट सकाळ होती. साडेदहाला ती सत्ताविसाव्या मजल्यावर पोहोचली.

ईशानीच्या दिवाणखान्यात पडदे घट्ट ओढलेले होते, आणि सोफ्याची पाठ भिंतीशी होती. एका कपाटात मेणबत्ती, मिठाची वाटी, लाकडी मुठीचा सुरा. पुस्तकात असते तेवढेच.

"मंडळ?" सुनेत्राने विचारले.

"छे हो, मॅडम. मला वॉकला यायला कोणी मिळत नाही, मंडळ कुठलं!"

सुनेत्राला हसू आले. उजेडासाठी तिने पडदा सारला.

"नको ना," ईशानी म्हणाली.

आतल्या गारव्याने काच बाहेरून धुक्याने पांढरी झाली होती. त्या पांढऱ्यावर, एका रांगेत, स्वच्छ गोल उमटले होते. कोणी कपाळ टेकून आत पाहावे, त्या उंचीवर. तिने मोजले. बारा.

"काचा पुसणाऱ्यांचे असतील."

"त्यांचा दोरांवरचा पाळणा मे महिन्यापासून बंद आहे."

बाल्कनी नव्हती. कठडाही नव्हता. सुनेत्राने एका गोलावर आतून बोट फिरवले. बोट कोरडेच राहिले.

डावीकडून पाचवा गोल धुक्याने हळूहळू भरून आला.

मग तो तिच्या बोटासमोर पुन्हा उघडला.

तिने पडदा ओढला. फोन वाजला, नागेश. "मॅडम, यल्ला, लवकर तिचा जबाब पाठवा. समिती बाराला बसतेय."

"मराठीत लिही," सुनेत्रा म्हणाली. तिचा आवाज तिला जरा उंच वाटला. "अनुवाद मी करीन. साधे शब्द. करणी नको. एकटी आहेस एवढंच लिही, खलास. नोकरी वाचेल, तूही वाचशील."

ईशानीने कागद पुढे ओढला.

"मला काढलं तर हा फ्लॅट ते दुसऱ्या कोणाला तरी देतील ना, मॅडम?"

"देतील."

"त्या नवीन मुलीला काही झालं तर? कोणाला इजा होता कामा नये. पूर्णच लिहिते."

तिने लिहिले, सही केली, तारीख घातली. सुनेत्राने कागद घेतला. अनुवाद अवघड नव्हता; एकाही शब्दाला दुसरा अर्थ नव्हता.

'मी विक्का धर्म एकटीने पाळते. माझे मंडळ नाही. बाहेरच्या बारा जणी माझ्या ओळखीच्या नाहीत, आणि मी त्यांना अजून आत बोलावलेले नाही.'