मोठी आम्हाला, छोटी तुला

सायकलवरून परदेश फिरायचा म्हटलं की लोक सायकलबद्दलच विचारतात. खरी डोकेदुखी असते मुक्कामाची. दिवसभर पाय मारून दमलेला माणूस सायकल खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर चढणार का? ओले कपडे वाळणार कुठे? मालक बडबड्या निघाला तर? आमच्या घरात हे खातं आईचं. तिचा फोटोंवर काडीचा विश्वास नव्हता. फोन लावायची, मालकाचा आवाज ऐकायची आणि "हा काही गरम पाणी देत नाही" असं सांगून मोकळी व्हायची. आणि मेलं तसंच निघायचं.

आई गेली त्याला वर्ष होत आलं होतं. बाबांनी तेव्हापासून सायकलीला हात लावला नव्हता. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. शेवटी मीच हट्टाला पेटले. म्हटलं, चला बाबा, मला माझा बाप परत हवाय.

घाटाखालच्या मुक्कामासाठी मी फोनवर दोन जागा काढल्या. एक गावातलं हॉटेल, लिफ्टवालं. दुसरं वळणावरचं एकटं घर. त्याबद्दल कोणी बरंवाईट काहीच लिहिलं नव्हतं. मी हॉटेलवर बोट ठेवणार, तोच बाबा म्हणाले, "हे घर घे."

"का हो?"

"बरं वाटतंय."

वर्षभरात त्यांना पहिल्यांदा काहीतरी हवंसं वाटलं होतं. मी कशाला नाही म्हणतेय!

पोचलो तेव्हा दुपार होती, पण धुकं इतकं उतरलं होतं की फाटकाची कडी चाचपून शोधावी लागली. मालकीणबाई म्हाताऱ्या. बोलणं अगदी हळू, आत कोणी झोपलं असावं तसं. आम्ही विचारायच्या आधीच त्यांनी सायकली आत घ्यायला लावल्या. बोळात साबणाचा वास होता आणि त्याखाली चेनच्या तेलाचा. सुट्टीत आईच्या हातांना हाच वास असायचा. मग म्हटलं, सायकलवाले उतरत असतील इथे, तेल सांडत असेल.

खोल्या दोन होत्या. बाबांनी दोन्हीकडे डोकावून पाहिलं आणि मला म्हणाले, "मोठी आम्हाला, छोटी तुला."

आम्हाला! जन्मभराची सवय, जीभ वळली असेल. मी पिशव्या उचलल्या.

कपडे वाळत घालत होते, तर भिंतीपलीकडून बाबांचं हसणं ऐकू आलं. इतका आनंद झाला मला की हातातला मोजा खाली पडला. मग ते बोलायला लागले... हळू... थांबत थांबत. स्वतःशी बोलणारा माणूस असा थांबत नाही. समोरच्याला बोलू देताना आपण थांबतो ना, तसे ते थांबत होते. आणि त्या थांबण्यात काहीच ऐकू येत नव्हतं.

मी दार ढकललं. खिडकीशी वेताच्या दोन खुर्च्या जवळ ओढलेल्या. एकीवर बाबा. दुसऱ्या, रिकाम्या खुर्चीच्या हातावर त्यांचा तळवा, उताणा, कोणी धरावा असा.

"कोणाशी बोलत होता, बाबा?"

"उद्याचं ठरवत होतो."

"मग... काय ठरलं?"

"आम्ही इथेच राहतो." किती मायेनं म्हणाले ते! "तू पुढे जा, बाळा. तुला जमेल आता."

मी त्यांना परत आणायला निघाले होते, आणि ते मलाच निरोप देत होते. चेहरा इतका शांत की हाताला धरून ओढायचीही लाज वाटावी. तेलाचा वास खोलीत दाटला होता. मला राग आला होता, खूप आला होता. मी त्या रिकाम्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले.

"आई," मी म्हटलं, "तू मला हवी आहेस. रोज हवी आहेस. पण यांना नको ना नेऊस इतक्यात... मला दुसरं कोण आहे गं?"

बराच वेळ काहीच झालं नाही. धुकं काचेला टेकून होतं. मग वेत कुरकुरला, कोणी उठताना कुरकुरतो तसा... आणि माझ्या केसांतून काहीतरी गार, हलकं फिरलं. मी घाबरून पळायला हवं होतं. मी डोळे मिटून डोकं आणखी पुढे केलं.

डोळे उघडले तेव्हा बाबा ढसाढसा रडत होते. आई गेली तेव्हा टिपूस न काढलेला माणूस!

"थांबते म्हणाली," ते कसेबसे बोलले. "घाई नाही म्हणाली... सकाळी निघू आपण."

आपण! मी त्यांच्या गुडघ्यांना घट्ट मिठी मारली आणि पोटभर रडून घेतलं.

सकाळी लख्ख ऊन पडलं. बाबा बाहेर माझ्या चाकात हवा भरत होते, आणि वर मलाच टोमणे मारत होते की एवढी घोडी झाली तरी साधा पंप धरता येत नाही. मी किल्ल्या द्यायला आत गेले. मालकीणबाई बोळात उभ्या होत्या.

"मोठी खोली ठेवते मी," त्या हळूच म्हणाल्या. "ते येईपर्यंत."

मी मान हलवली.

"आणि छोटी? तुमच्यासाठी ठेवायची ना?"

तोंडातून "हो" कधी निघून गेलं, कळलंच नाही. तेव्हा भीतीही वाटली नाही. ती आता वाटते, असं कोणाला सांगताना.

मालकीणबाईंचा चेहरा खुलला. घरात त्यांच्याशिवाय आता कोणी उरलं नव्हतं. तरी त्या आत तोंड करून म्हणाल्या, "ऐकलंत ना? दोघंही येणार आहेत."

आतून चादर झटकल्याचा आवाज आला... छोट्या खोलीतून.