लक्ष्मम्मा मधेच उतरली

आमच्या आलोकला देवानं तोंड दिलंय, पण ते फक्त जेवायला.

बाकी सगळं त्याच्या वतीनं मशीन बोलतं. रस्ता मोबाईल सांगणार, गोळीची वेळ मोबाईल सांगणार, मामाला वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा मोबाईलच धाडणार. चाळिशीचा बाप्या, राहायला नांदेडला, मास्तर उमरीच्या शाळेत. पण घरच्या माणसाशी दोन शब्द बोलायचे म्हणलं की यानं थकून जायचं.

त्या आळसापायी काय झालं, ते सांगते. मी लातूरला राहते, पण एकेक शब्द त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलाय. यात मीठमिरची न्हाई. खोटं सांगून या वयात मला काय मिळवायचंय?

गेल्या वर्षीचा एप्रिल. गुरुवार. दुपारचे अडीच.

आलोकची आई लक्ष्मम्मा, म्हणजे माझी धाकटी जाऊ, धर्माबादला भावाकडं गेली आन तिथंच वारली. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या. भाऊ म्हणाला, बासर जवळ हाय, तिथंच गोदावरीत सोडू. पण लक्ष्मम्मानं शंभरदा सांगून ठेवलं होतं. "मला नांदेडलाच न्या. आलोकचे बाबा ज्या घाटावरून गेले, तिथूनच मी जाणार. ते वाट बघत असतील."

तेवढी एकच इच्छा बाईची.

आता आमच्या घरात एक रीत हाय. अस्थी घेऊन निघालं की वाटेत गप बसायचं न्हाई. पूल आला, फाटा आला, टेसन आलं की नाव घेऊन मोठ्यानं सांगायचं. "उमरी आली, बसून ऱ्हा." "मुदखेड आलं, बसून ऱ्हा." आन मुक्कामाला पोचलं की, "आलं आपलं गाव, उतर." मेलेल्या माणसाला खिडकीतलं दिसत न्हाई. जो सांगंल त्याच्या शब्दावर ते येतं.

लक्ष्मम्मा तर जिवंतपणीही अशीच. वाचता येत नव्हतं. गाडीत बसली की दर टेसनाला विचारायची, "कोणतं आलं रे?" सांगितल्याशिवाय जागची हलायची न्हाई.

मी फोनवर बजावलं. "आलोक, तोंड बंद ठेवू नको."

"हाव काकू."

हाव म्हणाला, आन...

तीन रात्रींचं जागरण झालेलं. बाहेर ऊन असं, की रूळ पांढरे दिसून राहिले होते. डबा अर्धा रिकामा. मांडीवर तांब्याचा गडू, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. समोर मकबूलभाई. धर्माबादचे मिरचीचे व्यापारी, त्याच गाडीनं येणंजाणं, म्हणून ओळखीचे.

करखेलीला आलोक हळूच पुटपुटला, "करखेली आली आई, बसून ऱ्हा."

पलीकडच्या बाकावरच्या दोन पोरी हसल्या. याला लाज वाटली.

उमरीला तो बोललाच न्हाई.

त्या गाडीत नवी सोय झालेली. छतातून एक बाई बोलते. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. आलोकला वाटलं, ही सांगूनच राहिली हाय की. माझ्यापेक्षा स्वच्छ सांगते. मी कशाला घसा कोरडा करू?

त्यानं डोळे मिटले.

पण त्या दिवशी छतातल्या बाईचं गणित चुकलेलं होतं. गाडी मागं, ती पुढं.

उमरी सुटल्यावर मधे हिंगणटाकळी म्हणून बारकं टेसन लागतं. एक फलाट, एक लिंब, एक सिमेंटचा बाक. समोरून मालगाडी यायची होती म्हणून गाडी तिथं थांबून राहिली. पंखे बंद पडले. सगळं गप.

आन वरून आवाज आला...

"नांदेड स्टेशन आले आहे."

सगळा डबा हसला.

"अजून मुदखेडचा पत्ता न्हाई आन ही पोचली बी," मकबूलभाई म्हणाले. "लई घाई हाय बाईला. घरी दूध उतू जात असंल." मग आलोकच्या गुडघ्यावर थाप मारली. "चला मास्तर, उतरा, उतरा! आलं नांदेड!"

आलोक डोळे न उघडताच हसला.

तेवढ्यात...

मांडी हलकी झाली.

गडू तिथंच होता. फडकं तसंच बांधलेलं. पण कडेवरचं पोर खाली उतरल्यावर कमरेला जसं वाटतं, तसं त्याला वाटलं.

मग चपला वाजल्या.

फट्... फट्... फट्...

दाराकडं चाललेल्या. एक पाय जरा ओढत.

लक्ष्मम्माचा उजवा गुडघा कामातून गेलेला होता.

आलोकनं डोळे उघडले. दारात कुणी न्हाई. फलाटावर कुणी न्हाई. लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

गाडी सुटली. त्यानं मनाची समजूत घातली, झोपेत भास झाला असंल. खरं नांदेड आलं तेव्हा तो म्हणाला, "उतर आई." स्वतःचाच आवाज त्याला रिकाम्या खोलीतल्यासारखा वाटला. घाटावर जाऊन गडू पाण्यात सोडला, घरी येऊन पडला.

दहाव्याला मी लातूरहून गेले. पिंड ठेवला. कावळे होते झाडावर, सात-आठ. पण एक तास झाला, दोन तास झाले... एकानं पंख हलवला न्हाई. जो तो हात जोडून काय काय कबूल करून राहिला. आलोकला सांभाळू, तुझ्या गायीला सांभाळू. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

मी आलोकला बाजूला घेतलं. "वाटेनं सांगत आणलंस ना रे?"

"हाव काकू. सगळी टेसनं सांगितली."

खाली मान घालून बोलला. मी तिथंच ओळखलं, पण चार माणसांत काय बोलणार?

शाळा उन्हाळ्याची, सकाळची. सुतक फिटल्यावर तो पहिल्या दिवशी कामावर गेला आन दुपारी त्याच गाडीनं उमरीहून परत निघाला. मशीन तोवर दुरुस्त झालेलं. गाडी हिंगणटाकळीला थांबली. वरची बाई बरोबर नाव बोलली. मराठीत झालं. हिंदीत झालं. इंग्रजीत झालं.

मग खिडकीबाहेरून...

"कोणतं आलं रे?"

आलोकनं खिडकीबाहेर डोकं काढून बघितलं, तर कुणी न्हाई. मकबूलभाई पुडीतले फुटाणे खात होते.

"भाई, तुम्ही काही बोलला?"

"मी? तोंडात फुटाणे हायत मास्तर."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. नुसता शिणलेला आवाज. उन्हात बसून बसून सुकलेला.

पाचव्या दिवशी आणखी चार शब्द आले.

"कोणतं आलं रे? ते वाट बघत असतील..."

त्या दिवशी त्यानं मला फोन केला आन सगळं खरं ओकला.

"मुडद्या," मी म्हणलं, "आईला परक्या फलाटावर सोडून आलास! उद्या तिथं उतर, आन बोलत बोलत आण."

"लोक काय म्हणतील काकू?"

"लोकांचं तोंड चालतं. तुझंच चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो हिंगणटाकळीला उतरला. मागून मकबूलभाईही उतरले. त्यांना उमरीला गाडीत बसताच सांगितलं होतं, तेव्हापासून त्यांचा चेहरा पडलेला. "उतरा, असं मीच म्हणलो होतो मास्तर. थट्टेत म्हणलो, पण म्हणलो ना."

बाकावर कुणी न्हाई. दुपारचं सिमेंट तव्यासारखं तापलेलं. पण एका टोकाला, एक माणूस बसंल एवढी जागा...

गार होती.

आलोकनं तिथं हात ठेवला. "आई, हे नांदेड न्हाई. मी सांगितलंच न्हाई तुला. चल."

मकबूलभाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "अम्मा, माफ करो."

पुढची गाडी दोन तासांनी आली. चढताना मागून चपला वाजल्या. दोघांनी ऐकल्या. दोघांनी मागं बघितलं न्हाई.

मग आलोक बोलायला लागला. मोठ्यानं. "मुदखेड आलं आई, बसून ऱ्हा." "मुगट आलं आई, बसून ऱ्हा." सगळा डबा वळून बघून राहिला. कुणीतरी खुसखुसलं, तर मकबूलभाईंनी असे डोळे वटारले की पुन्हा आवाज न्हाई. माळटेकडीपर्यंत आलोकचा घसा बसला. तरी नांदेडला तो सगळ्यांच्या देखत ओरडला, "आलं आपलं गाव! उतर आई!"

रिक्षातनं घाटावर गेले. पायऱ्यांवर चपला त्याच्या मागं होत्या. मग त्याच्या बरोबरीनं. मग पुढं. पाण्याजवळच्या पायरीवर थांबल्या...

आन पुन्हा वाजल्या न्हाईत.

दुसऱ्या दिवशी त्यानं गच्चीवर भाताचं पान ठेवलं. हात काढायच्या आत कावळा आला.

इथं संपायला पाहिजे होतं.

सोमवारी दुपारी गाडी हिंगणटाकळीला थांबली. मराठी झालं, हिंदी झालं, इंग्रजी झालं. बाहेर शांत. आलोकनं कितीतरी दिवसांनी पाय पसरले...

"बाळा, माझं आलं का?"

म्हाताऱ्या गड्याचा आवाज.

मग एका बाईचा. "आन आमचं?"

बाक रिकामा होता. फलाट रिकामा होता. ते मशीन किती दिवस चुकत होतं, आन तेवढ्या दिवसांत कोण कोण मांडीवर गडू घेऊन, गप बसून, नांदेडला आलं... कुणाला ठाऊक?

शनिवारी आलोक लातूरला माझ्या दारात. हातात बदलीचा अर्ज. डोळ्यांखाली काळं. "काकू, तोवर बसनं जाईन. त्या गाडीत माझ्याच्यानं बसवत न्हाई. माझी आई तर पोचली ना?"

मला पोराची कीव आली. पण माझंही बघायचं होतं. मला लेकरूबाळ न्हाई. मी मेले की मलाही यानंच न्यायचंय, त्याच घाटावर. त्या बाकाचं टोक तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून हलत न्हाई.

तरी मी आवाज चढवूनच बोलले.

"अर्ज फाड. तुझी आई पोचली, बाकीच्यांचे मायबाप अजून उन्हात बसून हायत. कुणाचे का असंनात, रोज एकेकाला बोलत बोलत आणायचं. आन मी मरेपर्यंत तुझी ती सवय मोडता कामा न्हाई."