ठसा धरणारी

दिवा मालवलाय तो मालवलेलाच राहू दे रे. मी काही तुम्हाला खात नाही. खायला दात कुठे उरलेत? ए चष्मिश, तू दाराजवळ बस. पळायची वेळ आली की पहिला तूच पळणार, उगाच इतरांना तुडवशील.

तर, आमच्या ओळखीतला एक बाइंडर. वह्या शिवणारे सतराशे साठ मिळतील, पण हा पातळ कातड्यावर वेलबुट्टी उठवायचा. तो नि त्याचा थोरला भाऊ, दोघं मिळून करत. कातडं ओलं करायचं, टेबलावरच्या दगडी फरशीवर पसरायचं. थोरला लोखंडी ठसा उभा धरून हळूच म्हणणार, 'हं.' की धाकट्याची लाकडी हातोडी खाली. तीस वर्षं हेच. धाकट्याला बघावंही लागत नसे. जेवताना थोरला सहज 'हं' म्हणाला तरी याचा हात ताटावर आदळायचा. हसताय काय? पेलाभर पाणी माझ्या मांडीवर सांडलंय.

मार्चमध्ये थोरला गेला. ठसा धरायला त्याची बायको बसू लागली. हात स्थिर बाईचा. पण तोंडानं इशारा द्यायची नाही, नुसती मान हलवायची. म्हणायची, "ते 'हं' त्यांचं होतं."

नोव्हेंबरातला मंगळवार. एका मास्तरीणबाईंच्या निरोपाच्या वहीचं कव्हर सकाळी द्यायचं होतं. धाकटा कातडं आणायला गेला. दुकानदारानं गप्पांत गुंतवला. यायला रात्रीचे नऊ, काम मांडायला साडेदहा. आणि कातडं एकदा भिजवलं की उठता येत नाही. वाळलं की ते ठसा घेत नाही. वेल चौदा पानांची, एका ठोक्याला एक पान. बाराला दहा कमी असताना अकरा पानं झाली.

"तीनच राहिली, भाऊजी."

"मग चहा तुम्हीच करायचा, वहिनी."

"तुमच्या हातचा पिण्याएवढी धीट मी नाहीच."

ती ठसा पुसत होती. अजून टेकवलाही नव्हता.

हं.

धाड्! हातोडी फरशीवर. तिच्या करंगळीपासून जेमतेम दोन बोटं अंतरावर.

"अहो! मी मान कुठे हलवली?"

"तुम्ही... 'हं' म्हणालात ना?"

"मी?"

घरात तिसरं कुणी नव्हतं.

धाकट्यानं हातोडी खाली ठेवायला घेतली. मूठ उघडेना. तेवढ्यात वहिनीच्या हातातला ठसा गळून टेबलाखाली गेला. तिचा पंजा कातड्यावर सरकला. जिथं बारावं पान यायचं, तिथं. पालथा.

"वहिनी, हात काढा."

"काढतेय..."

"काढा ना!"

"निघत नाही हो. कुणीतरी... धरलाय."

धाकट्यानं डाव्या हातानं उजवं मनगट आवळलं. दातांनी चावलं. रक्त आलं. हात वरच जात राहिला.

"दादा, नको रे. ही तुझी..."

हातोडी डोक्यावर थांबली.

हं.

...

हं.

...

आणि आणखी एकदा. हात धरल्यावर तीनदा आलं ते, हातोडीही तीनदा पडली. पानंही तीनच उरली होती.

मला धाकट्याचा फोन आला तो बाराला दोन मिनिटं कमी असताना. गाडी मीच काढली. मागच्या सीटवर वहिनीनं एका शब्दानं तक्रार केली नाही. फक्त म्हणाली, "भाऊजींना रागवू नका." तिचा तो हात पुन्हा कामाला आला नाही. धाकट्यानं हातोडी विहिरीत टाकली. आता तो कुणी नुसतं हुंकारलं तरी हात काखेत दाबून धरतो.

काय रे चष्मिश, संपली म्हणतोस? बस खाली.

दुसऱ्या दिवशी मी तिथलं आवरायला गेलो. कातडं फरशीवर वाळून कडक झालेलं. अकरा पानं नीट दबलेली. ठसा टेबलाखाली पडलेला, कुणी हात न लावलेला. आणि पुढं... बारा, तेरा, चौदा. शीर न् शीर रेखीव.

बोट फिरवलं मी त्यांच्यावरून. वरून ठोकलं की पान खोल जातं, कातड्यात खळगा पडतो.

ही तिन्ही वर आली होती. फुगून. खालून, दगडाच्या बाजूनं कुणी ठसा धरल्यासारखी.