शेवटच्या छावणीचं सलाइन

"सलाइन आमच्या छावणीत पोचलंच नाही," नर्स म्हणाली. "खोकी उघडली तर नुसता साबण. इथे पोरं जुलाबाने गळून गेलीत."

ती ज्यांच्याकडे आली होती, त्या खासगी तपास करणाऱ्या बाईंना सगळे चौकशीबाईच म्हणत. नर्सला घेऊन त्या तडक मदतसंस्थेच्या गोदामात आल्या. सोबत बाईंचा थोरला भाऊ, दादा, होताच.

"ड्रायव्हरनेच वाटेत हात मारला," दादाने दारातच निकाल लावून टाकला.

मुकादम रडकुंडीला आला होता. "शेवटच्या छावणीचा माल आम्ही आधी चढवतो, पार आत. पहिलीचा दाराशी. उतरवताना उलथापालथ नको."

"याही वेळी?" बाईंनी विचारलं.

त्याने संस्थेच्या साहेबांकडे पाहिलं. "चढवला तसाच होता."

ड्रायव्हर वैतागलेला. "पहिल्या छावणीत दाराजवळची खोकी मोजून उतरवली. वरून सगळी सारखीच. तिथली कुटुंबं अजून यायचीत, म्हणून न उघडता ताडपत्रीखाली रचली. उरलेली शेवटी या नर्सबाईंच्या छावणीत नेली."

"मुकादमाला आजच पोलिसांत देतो," साहेब म्हणाले. "पाहुण्यांसमोर निघालेला माल हा. काय तोंड दाखवू?" त्यांनी मोबाइलवरचा फोटो पुढे केला. ट्रकचं दार उघडं, दारातच एक फोडलेलं खोकं, पाहुण्यांच्या हातात सलाइनची बाटली.

बाईंनी कपाळाला हात लावला.

"दादा, चोर शोधणं सोड. सलाइन शेवटच्या छावणीचं, म्हणजे पार आत हवं. मग ते दाराशी काय करतंय?"

दादा फोटोकडे बघत राहिला. "कुणीतरी पुढे आणलं?"

"साबणासोबत फोटो कोण काढणार? सलाइन पुढे आणलं, पहिलीचा साबण आत ढकलला. दाराशी होतं ते पहिल्या छावणीत उतरलं. साबण गेला यांच्याकडे."

"फोटोपुरतंच काढायला सांगितलं होतं," साहेब पुटपुटले.

"परत ठेवू का, विचारलं होतं मी," मुकादम म्हणाला. "तुम्ही म्हणालात, उशीर होतोय, दार लावा."

ड्रायव्हरने पहिल्या छावणीला फोन लावला. सलाइन ताडपत्रीखाली जसंच्या तसं होतं.

"म्हणजे चोरी झालीच नाही," साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "जाताना घेऊन जा, मिटलं."

बाईंचा संताप झाला. चोर असता तर निदान त्याची गचांडी धरता आली असती.

नर्स ट्रकच्या केबिनमध्ये चढून बसली होती. "पहाटे एक बाळ गेलं," ती म्हणाली. "औषध कुठे अडलं, म्हणून त्याची आई विचारतेय. मला नाही सांगता येणार, साहेब. तुम्ही चला."

साहेबांनी घड्याळात पाहिलं. नर्सने सरकून त्यांच्यासाठी जागा केली.