सातव्या ठोक्याला

ही गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीची, नेलिदाची. खोटी वाटली तर वाटू दे, पदरचा एक शब्द घातलेला नाही.

जानेवारीतला मंगळवार. गाव तुकुमान, आमच्याकडे तेव्हा ऐन उन्हाळा. रात्रबित्र नाही हं... भर दुपार. सगळं शहर झोपलेलं.

नेलिदा प्रयोगशाळेत एकटीच.

एवारिस्तोमामाची दुसऱ्या दिवशी बायपास. त्याच्या रक्तवाहिन्या तिनं कॉम्प्युटरवर उभ्या केल्या होत्या. नवी नस कुठल्या कोनात जोडली तर रक्त नीट वाहील, ते पाचपर्यंत सांगायचं होतं.

आणि मेलं गणित पुढेच सरकेना!

पडद्यावर हृदयाचा पहिला ठोका, दुसरा... सहावा...

सातव्याला बंद.

पुन्हा लावलं. सातव्यालाच बंद.

सर्जन बासुआल्दोंचा फोन. "अगं बाई, कोन देतेस की अंदाजानं शिवू?"

"अंदाजानं स्वतःची पॅन्ट शिवा, डॉक्टर!"

फोन आपटला. रागानं डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मरू दे, सहा ठोक्यांवर जो कोन दिसतोय तोच सांगून मोकळं व्हावं...

तिच्या टेबलावर माते, म्हणजे नळीनं ओढायचा आमचा कडू चहा, भरून ठेवला होता. त्याला तोंडही लावलं नव्हतं. तिनं पुन्हा फोन उचलला.

मागून आवाज आला...

सुर्रर्र...

नळीनं तळ गाठल्यावर येतो तसा.

ती वळली. कोणी नाही.

मातेचं भांडं रिकामं... आणि ओस्वाल्दोच्या टेबलावर.

ओस्वाल्दो तिचा सहकारी. दीड वर्षापूर्वी याच खोलीत हृदय बंद पडून गेला. प्रत्येक नवं गणित आधी त्याच्या नोंदवलेल्या नाडीवर तपासायची तिथली रीत. "माझा जीव कॉम्प्युटरात आहे, मला कसलं मरण!" म्हणायचा.

नेलिदा तडक कॉम्प्युटरकडे वळली. तिनं गणितात घातलेल्या नाडीची नोंद उघडली.

मामाच्या नसांत नाडी ओस्वाल्दोची! चाचणीनंतर बदलायचीच राहिली होती, म्हणून गणित अडत होतं.

तिनं मामाची नाडी घातली. सातवा ठोका पार. विसावाही पार. कोन निघाला, तो वेगळाच. आधीच्या कोनानं नस तुंबली असती.

मामा आज ठणठणीत आहे, रोज भांडतो.

आमच्याकडे माते पिऊन 'आभारी आहे' म्हटलं, की त्याचा अर्थ 'आता पुरे'. म्हटलं नाही, तर भांडं पुन्हा भरून द्यायचं.

नेलिदा रोज दुपारी त्या टेबलावर भरून ठेवते.

"पुरे कर गं आता," मी परवा चिडून म्हटलं. तिथेच बसले होते.

"मी कशी पुरे करू? त्यानं म्हणायला हवं ना!"

सुर्रर्र...

आम्ही दोघींनी कान टवकारले.

'आभारी आहे' काही ऐकू आलं नाही.