एक सक्तीची ओळ

"चूक नव्या मुलीचीच आहे. सगळ्यांसमोर सुनावलंय मी तिला. आज संध्याकाळी काढून टाकणार," मालकीणबाई म्हणाल्या. "माझे मामा म्हणाले, घाई नको. म्हणून तुम्हाला बोलावलं."

खासगी तपास करणाऱ्या वहिनींनी मान हलवली. मदतीला दीर होता.

कंपनी तान्ह्या बाळांच्या औषधपंपाचं सॉफ्टवेअर बनवत असे. काल चाचणीत डोस चुकला. बिल्डच्या, म्हणजे सगळे भाग जोडून प्रोग्राम तयार करण्याच्या, फाइलमध्ये कुणीतरी एक ओळ घातली होती: गणिताच्या तयार लायब्ररीची जुनीच आवृत्ती सक्तीने घ्यायची. जुनी आवृत्ती दशांशापुढचे आकडे तोडते. ओळ आली होती सामाईक मशीनवरून, सामाईक खात्यातून; त्यामुळे कुणी घातली ते कळत नव्हतं.

नव्या मुलीचे डोळे सुजले होते. "माझ्या भागाला नवी आवृत्ती लागते, मामांच्या भागाला जुनी. मी नवी मागितली, तेव्हापासून बिल्ड अडत होती. पण ही ओळ माझी नाही."

"सगळे तिच्या नावाने खडे फोडत होते," दीर कुजबुजला. "घाबरून घातली असेल, वहिनी."

"भावजी, जरा दम धरा."

चाचणी करणारा म्हणाला, "आठवडाभर सगळ्यांची बिल्ड अडलेली. काल दुपारी अचानक सुरळीत. मीही खूश झालो!"

मालकीणबाईंचे मामा कंपनीतले सर्वांत जुने प्रोग्रामर. ते हसले. "मी त्या फाइलला हात लावत नाही. माझ्याकडे तर बिल्ड एकदाही अडली नाही."

वहिनींनी सर्वांना एकत्र बसवलं.

"फाइल सगळ्यांची एकच. दोन भाग दोन आवृत्त्या मागतात, म्हणजे ती सगळ्यांकडे अडायलाच हवी. जिथे अडली नाही, तिथे ती सक्तीची ओळ आधीपासूनच होती. हो ना, मामा?"

मामांनी चष्मा काढला.

"नवी आवृत्ती मला समजेना. माझा भाग बदलायला जमेना. भाचीला कुठल्या तोंडाने सांगू? तिला मीच शिकवलंय. आधी ओळ फक्त माझ्या मशीनवर घातली, काल सगळ्यांच्या फाइलमध्ये टाकली. वाटलं, अडचण मिटेल. मग हिच्यावर आलं, आणि मी गप्प बसलो."

दिराने मान खाली घातली. मालकीणबाई उठल्या. "सगळ्यांसमोर बोलले होते," त्या नव्या मुलीला म्हणाल्या, "तर सगळ्यांसमोरच सांगते. मी चुकले."

मुलीने मामांशेजारी खुर्ची ओढली.

मामांनी सगळ्यांच्या फाइलमधली आणि स्वतःच्या मशीनवरची ओळ पुसली आणि बिल्ड चालवली. ती अडली. स्क्रीनभर लाल अक्षरं उमटली.

"आता सांग," ते खालच्या आवाजात तिला म्हणाले, "पहिली चूक कुठली?"